काचेच्या तारेचं वेल्डिंग

बारामतीच्या एमआयडीसीत वेल्डिंग म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इथं पियाजिओच्या तीनचाकी गाड्या तयार होऊ लागल्या. त्यांच्या पत्र्याच्या सांगाड्यांपासून छोट्या शेडमध्ये बनणाऱ्या उसाच्या ट्रॉलीपर्यंत सगळीकडं तोच निळसर झगझगाट. इंदापूर तालुक्यात लोणी देवकरच्या एमआयडीसीकडं गेलात तरी तेच. वेल्डरांची एक जुनी तक्रारही आपण ऐकलेली असते, ‘वेल्डिंग ओढतं.’ चौकट गुण्यात बसवा, चार टाके मारून पक्की करा, सांधा निवला की ती एका अंगाला खेचली जातेच. ही तक्रार जरा ध्यानात ठेवा, पुढं तिचं काम पडणार आहे.

आज ज्या वेल्डिंगबद्दल बोलायचं आहे त्यातही ठिणगी आहे, दोन हजार अंशांच्या आसपासची आच आहे आणि सांधा बिघडला तर होणारा मनस्तापही आहे. जोडायची वस्तू मात्र लोखंडाची नाही, काचेची आहे. जाडी मिलिमीटरचा आठवा भाग. तिला आपण ऑप्टिकल फायबर म्हणतो. आपले फोन, बँकेचे व्यवहार, सातबाऱ्याचे उतारे या काचेतून धावतात. या काचेचा शोध कुणी लावला हे पाठ्यपुस्तकात सापडतं. ती सांधली कुणी आणि कशी, ही हकिगत सहसा सांगितली जात नाही.

सुरुवात दौंडपासून करू. दूरसंचाराचा आपल्या भागाशी संबंध मोबाइलच्या मनोऱ्यांबरोबर आला असं वाटत असेल, तर तो त्याच्या सत्तर वर्षं आधीच आला होता. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते भारत आणि इंग्लंड यांच्यातल्या ‘बीम’ रेडिओ तारसेवेचं उद्घाटन झालं. संदेश पाठवायचं केंद्र पुण्याजवळ खडकीला होतं आणि झेलायचं केंद्र दौंडला. समोरच्या टोकाला इंग्लंडातली ग्रिम्स्बी आणि स्केगनेस ही ठिकाणं. मार्कोनी कंपनीच्या या लघुलहरी यंत्रणेनं समुद्रातल्या तांब्याच्या केबल कंपन्यांचा धंदा असा खाल्ला, की १९२९ मध्ये केबलवाले आणि रेडिओवाले यांना एकाच कंपनीत आणावं लागलं. केबलच्या धंद्याची सगळी डोकेदुखी सांध्यांची. रेडिओला मधे सांधाच नाही. हवेला कुठं डाख द्यायचा?

मग सांधे परत कसे आले? कारण हवेत जागा कमी पडू लागली. संभाषणं वाढली आणि एकाच वेळी हजारो बोलणी नेणारा रस्ता हवा झाला. प्रकाशाची कंपनं रेडिओलहरींपेक्षा कितीतरी पटींनी वेगवान, म्हणून त्याच्यावर लादता येणारा मजकूरही तितकाच जास्त. पण प्रकाश मोकळ्या हवेत धुक्यानं, पावसानं अडतो. त्याला नळी हवी. काचेच्या बारीक तंतूतून प्रकाश वाकवून नेता येतो हे पंजाबातल्या मोग्याचे नरिंदर सिंग कपानी यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर दाखवलं. त्यांचा निबंध ‘नेचर’मध्ये १९५४ साली आला. ती काच मात्र आपल्या कामाची नव्हती. पोटात डोकावायच्या दुर्बिणीपुरती ठीक होती. किलोमीटरभर गेल्यावर तिच्यात प्रकाश नावालाही उरत नसे.

१९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी सांगितलं, की दोष काचेचा नाही, काचेतल्या मळाचा आहे. किलोमीटरमागं २० डेसिबलपेक्षा कमी घट करून दाखवा, म्हणजे टेलिफोन काचेतून नेता येईल. वीस डेसिबल घट म्हणजे शंभर भाग प्रकाश आत सोडला तर पलीकडं एक भाग निघणार. ऐकायला हे फारच थोडं वाटतं, पण त्या काळी तेवढंही स्वप्न होतं. १९७० मध्ये अमेरिकेच्या कॉर्निंग कंपनीत मॉरर, केक आणि शुल्ट्झ या तिघांनी १७ डेसिबलचा तंतू ओढला. आजच्या तंतूत ही घट किलोमीटरला जेमतेम ०.२ डेसिबल आहे. काओंना २००९ साली नोबेल मिळालं.

आणि भारतातली पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा कुठं सुरू झाली? पुण्यात, १९७९ साली. शहरातल्याच टेलिफोन एक्स्चेंजना एकमेकांशी जोडणारी, म्हणजे ज्याला खात्याच्या भाषेत ‘लोकल जंक्शन’ म्हणतात ती लाइन. कॉर्निंगच्या यशानंतर अवघ्या नऊ वर्षांनी. ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट पाहायचे ते दिवस, हे लक्षात घेतलं तर या गोष्टीचं वजन कळेल. पुणेकर ज्या गोष्टींचा अभिमान बाळगतात त्या यादीत ही का नाही, मला कळत नाही.

आता हिशेब करू. फायबरची केबल ड्रमवर गुंडाळून येते. एका ड्रमवर दोन किलोमीटर धरा. पुणे-बारामती अंतर ढोबळमानानं शंभर किलोमीटर. म्हणजे ५० ड्रम आणि मधे ४९ सांधे. केबलमध्ये २४ तंतू असले तर प्रत्येक ठिकाणी २४ जोड, एकूण १,१७६. शंभर किलोमीटर काच २० डेसिबल खाणार, त्याला इलाज नाही. सांधा उत्तम असेल तर एका जोडाला ०.०५ डेसिबल जातात, म्हणजे एका तंतूच्या ४९ जोडांचे मिळून अडीच. पण सांधणाऱ्यानं हलगर्जीपणा केला आणि प्रत्येक जोडाला अर्धा डेसिबल गेला, तर नुसते सांधेच साडेचोवीस डेसिबल गिळतील, सगळ्या काचेपेक्षा जास्त. शास्त्रज्ञांनी वीस वर्षं खपून जे कमावलं, ते रस्त्याकडेच्या खड्ड्यात असं घालवता येतं.

आणि जोडायचं काय असतं, तेही पाहा. बाहेरून १२५ मायक्रॉनचा तंतू, म्हणजे केसापेक्षा थोडा जाड. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पण प्रकाश जातो तो मधल्या गाभ्यातून. लांब पल्ल्याच्या तंतूत हा गाभा फक्त आठ-नऊ मायक्रॉनचा असतो. दोन्ही गाभे समोरासमोर यायला हवेत. एक मायक्रॉन सरकले तरी मोजणाऱ्या यंत्रात ते दिसतं.

१९७१ साली बेल प्रयोगशाळेतल्या डी. एल. बिस्बी यांनी दोन तंतूंची टोकं तापवून एकजीव करण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यांच्यापुढं पहिली अडचण वेल्डिंगची नव्हतीच, काच कापायची होती. टोक आरशासारखं सपाट नसेल तर जोडात बुडबुडा राहतो. १९७३ मध्ये त्याच प्रयोगशाळेत ग्लोगे, बिस्बी आणि सहकाऱ्यांनी त्याचं उत्तर दिलं, की काच कापू नका, मोडा. तंतूवर बारीकसा ओरखडा काढा, बाक देऊन ताण द्या, तो स्वतःहून सरळ तुटतो. काचवाल्याच्या दुकानात खिडकीची काच अशीच तोडतात. हिऱ्याच्या कणीनं रेघ, मग कडेनं हलका दाब. फरक इतकाच, की इथं तुटलेलं टोक काटकोनापासून एक अंशानंसुद्धा कललेलं चालत नाही.

आच कशाची द्यायची यावरही बराच खल झाला. तापलेली तार, गॅसची ज्योत, कार्बन डायऑक्साइड लेसर, सगळं करून झालं. टिकली ती विजेची ठिणगी. दोन टोकदार इलेक्ट्रोडमध्ये उंच दाबाची ठिणगी पाडायची आणि तिच्यात काच धरायची. कारण साधं होतं. प्रयोगशाळेत काहीही चालतं, पण सांधा मारायचा असतो रस्त्यावर, मॅनहोलमध्ये, जिथं गॅसची टाकी वा मोठा लेसर नेणं परवडत नाही. ठिणगीला बॅटरी पुरते. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात जपानच्या निप्पॉन टेलिग्राफ अँड टेलिफोनच्या प्रयोगशाळांनी ही रीत हातात घेतली आणि फुजिकुरा, सुमितोमो, फुरुकावा या केबल कंपन्यांनी तिची पेटीएवढी यंत्रं केली. आधी हलकी ठिणगी देऊन टोकांवरची धूळ जाळायची, कडा किंचित गोलावू द्यायच्या, मग जोराच्या ठिणगीत दोन्ही टोकं दहाएक मायक्रॉन एकमेकांत ढकलायची. ही युक्ती सापडली आणि बुडबुडे गेले.

निसर्गानंही इथं हात दिला. वितळलेल्या काचेचा पृष्ठताण पाण्याच्या थेंबासारखाच वागतो, तो आकार आवळून घेतो. दोन तंतू किंचित वरखाली असले तर वितळताना ते आपोआप रेषेत येतात. पण त्यातही खोच होती. पृष्ठताण बाहेरचा काठ जुळवतो. सुरुवातीच्या तंतूंमध्ये गाभा नेमका मध्यभागी नसे, त्यामुळं काठ जुळले की गाभे चुकायचे. म्हणून दोन दिशांनी सूक्ष्मदर्शकातून गाभा पाहून जुळवणारी यंत्रं निघाली. पुढं काच ओढणारेच इतके हुशार झाले, की गाभा अर्ध्या मायक्रॉनच्या आत मध्यावर येऊ लागला आणि साध्या कामांना साधं यंत्रही पुरू लागलं. सांधणाऱ्याचं कौशल्य अशा रीतीनं थोडं यंत्रात गेलं आणि थोडं काचेत.

सगळं मात्र गेलं नाही. जेसीबीनं केबल तोडली की दुरुस्तीला येणारा जॉइंटर बघा. आधी एक्स्चेंजमधून तंतूत प्रकाशाचा स्पंद सोडतात. काचेतून परत उमटणाऱ्या अंधूक प्रकाशाच्या वेळेवरून तार किती अंतरावर तुटली ते कळतं. मग त्या जागी छत्री किंवा तंबू, कारण वारा ठिणगी हलवतो आणि धूळ सांधा खाते. तंतूवरचं प्लॅस्टिकचं आवरण ओरबाडून काढायचं, पण काचेला ओरखडा पडू द्यायचा नाही. ओरखडा पडलेली काच आज नाही तुटली तरी सहा महिन्यांनी तुटते. मग अल्कोहोलच्या फडक्यानं पुसायचं. ओढताना चुर्र असा आवाज आला की तंतू स्वच्छ झाला असं जाणते समजतात. मग मोडणी, यंत्रात ठेवणं, ठिणगी. ठिणगीचं काम काही सेकंदांत संपतं, बाकी सगळा वेळ तयारीत जातो. शेवटी जोडावर पोलादी काडी घातलेली बारीक नळी आकसवून बसवतात आणि सगळे तंतू ताटलीत गोल गुंडाळून बंद पेटीत ठेवतात. तुटलेल्या काचेचे तुकडे चिकटपट्टीवर गोळा करावे लागतात. बोटात घुसला तर तो दिसत नाही आणि सापडतही नाही.

२०११ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारनं देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरनं जोडायची योजना मंजूर केली. पुढं तिचंच नाव भारतनेट झालं. या योजनेवर बोलताना सगळे किलोमीटर मोजतात. माझ्या मते मोजायला हवेत ते सांधे, आणि ते परत सांधायला तालुक्यात माणसं किती, हे. गावात काच पोचली आणि रस्तारुंदीकरणात तुटली, तर त्या ग्रामपंचायतीसाठी ती केबल म्हणजे जमिनीत पुरलेली काळी दोरी.

झालं ते काच काचेला जोडण्याचं. पण काचेच्या एका टोकाला लेसर असतो. त्याला ती काच कशी जोडतात, ही याहून अवघड गोष्ट आहे, आणि इथं धातूचं वेल्डिंग येतं. मिठाच्या कणाएवढी लेसरची चिप, तिच्यातून निघणारा प्रकाशाचा ठिपका एक-दोन मायक्रॉनचा. तो बारीक भिंगातून तंतूच्या गाभ्यात शिरवायचा आणि जागेवर कायमचा पक्का करायचा. सुरुवातीला डिंकासारखा इपॉक्सी लावून पाहिला. दमट उष्ण हवेत तो हळूहळू सरकतो, शिवाय त्याच्या वाफा चिपवर बसतात. डाख, म्हणजे सोल्डर, वापरला तर तोही कालांतरानं ढिला पडतो. जमिनीवर हे एकवेळ चालेल. पण १९८८ मध्ये अटलांटिकच्या तळाशी टीएटी-८ ही पहिली फायबर केबल पडली. समुद्राखालचं यंत्र पंचवीस वर्षं न उघडता चालायला हवं. तिथं डिंकावर कोण विसंबणार?

म्हणून तंतू आधी धातूच्या बारीक नळीत बसवतात आणि ती नळी लेसरनंच वेल्ड करतात. निओडिमियम-यॅग लेसरचा काही मिलिसेकंदांचा स्पंद आणि टाचणीच्या डोक्याहून लहान टाका. डबीसाठी कोव्हार नावाचा लोखंड-निकेल-कोबाल्टचा मिश्रधातू, कारण तो उष्णतेनं जवळपास काचेइतकाच फुगतो. शेवटी झाकण बसवून कडेनं वेल्ड करतात आणि हेलियम वायूनं गळती तपासतात. चपट्या डबीच्या दोन्ही बाजूंनी सात-सात पाय आणि एका टोकातून काचेची शेपटी, असं हे रूप. पंखासारखे पाय म्हणून कारागीर तिला ‘बटरफ्लाय’ म्हणतात.

आणि इथं आपल्या वेल्डरची तक्रार परत येते. टाका निवला की तो ओढतो. ट्रॉलीच्या चौकटीत दोन मिलिमीटरची ओढ खपते. इथं एक मायक्रॉन ओढला तरी लेसरचा बराचसा प्रकाश वाया जातो. मग करायचं काय? आपले फॅब्रिकेटर जे करतात तेच. एका बाजूनं वेल्डिंग करायचं नाही. समोरासमोरच्या दोन बाजूंना, नळी गोल असेल तर तीन बाजूंना, एकाच क्षणी सारखे टाके मारायचे, म्हणजे ओढी एकमेकींना खोडतात. त्यातूनही वाकलं तर? शेडमधला जाणता मिस्त्री वाकलेल्या अँगलवर नुसते घण घालत बसत नाही. तो फुगवट्याच्या बाजूला गॅसनं ठिपका तापवतो आणि निवू देतो, निवताना लोखंड स्वतःला सरळ ओढून घेतं. लेसरवाल्यांनी हेच केलं. प्रकाश किती कमी झाला ते मोजायचं, नळी कुठल्या अंगाला गेली ते ओळखायचं आणि योग्य जागी आणखी एक टाका मारून तिला परत ओढायचं. इंग्रजीत त्याला लेसरची हातोडी म्हणतात. नाव काही बरोबर नाही, कारण ठोकणं कुठंच नाही, सगळी ओढाओढच आहे. धातूची निवडही तशीच ओळखीची. लेथवर भरभर कापलं जावं म्हणून गंधक घातलेलं स्टेनलेस इथं चालत नाही, टाक्यात तडा जातो. हे कुठलाही आर्गन वेल्डर सांगेल.

हे काम ऐंशी-नव्वदच्या दशकात अमेरिका आणि जपानच्या कारखान्यांत चाले. सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसलेली माणसं एकेक डबी जुळवत. २००१ मध्ये टेलिकॉमचा फुगा फुटला. अनेक कंपन्यांनी आपलं हे काम चीन, थायलंड, मलेशियाकडं वळवलं. ते किती एकवटलं, हे २०११ मध्ये कळलं. त्या ऑक्टोबरात थायलंडमध्ये पूर आला, फॅब्रिनेट कंपनीचा एक कारखाना पाण्यात गेला आणि जगभर ऑप्टिकल भागांचा तुटवडा झाला.

महाराष्ट्र या काळात रिकामा बसला नव्हता. तेव्हाच्या औरंगाबादजवळ, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजला, स्टरलाइटनं नव्वदच्या दशकात फायबर ओढायला सुरुवात केली आणि पुढं त्यासाठी लागणारी काचही तिथंच बनू लागली. पुण्याच्या फिनोलेक्सनं फायबरच्या केबल केल्या. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रानं अणुऊर्जेच्या कामासाठी यॅग लेसरची वेल्डिंग यंत्रंही बनवली. म्हणजे काच आपली, केबल आपली, लेसरचं ज्ञानही घरात. पण लेसरला शेपटी जोडणाऱ्या डब्यांची मोठी कारखानदारी आपल्याकडं उभी राहिली नाही. धूळमुक्त खोल्यांना पैसा लागतो हे खरं, पण माणसं नव्हती असं मी म्हणणार नाही. ओढ ओळखून उलटी ओढ देणारी माणसं प्रत्येक एमआयडीसीत आहेत. आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा. त्यात लोखंडाच्या पुढं जाऊन मायक्रॉनची भाषा शिकवायचं कुणाच्या मनात आलं नाही, असं मला वाटतं.

गंमत म्हणजे ती काच आता दुसऱ्याच दारानं शेडमध्ये आली आहे. एलायस स्निट्झर यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला काचेच्या तंतूलाच लेसर केलं होतं. तेव्हा ती प्रयोगशाळेतली नवलाई होती. आज पत्रा कापणारी आणि हातात धरून चालवायची फायबर लेसर वेल्डिंग यंत्रं राज्यातल्या औद्योगिक वसाहतींत दिसतात. त्यांच्या पेटीत इटर्बियम मिसळलेल्या काचेच्या तंतूचं वेटोळं असतं. त्याला प्रकाश पुरवणारे छोटे लेसर डबीत बसवलेले, त्यांच्या शेपट्या एकमेकींना ठिणगीनं सांधलेल्या. टेलिफोनच्या तारेत सांधा वाईट असला तर आवाज क्षीण होतो. इथं त्याच केसाएवढ्या काचेतून हजार-दोन हजार वॉट जात असतात. सांध्यातून निसटलेला प्रकाश बाहेरच्या आवरणात शिरतो, ते जळतं, आणि जळण कधी कधी तंतूतून मागं लेसरच्या दिशेनं सरकत जातं. म्हणून या यंत्रांमध्ये सांध्यांना धातूच्या पट्टीवर बसवून थंड ठेवतात आणि भरकटलेला प्रकाश वाटेतच काढून घेतात. बंदुकीसारख्या हँडलपर्यंत येणारी जाड केबल पायाखाली आणू नका, तिला घट्ट पीळ घालू नका, असं यंत्र बसवायला आलेला माणूस बजावून जातो, ते या आतल्या काचेसाठी. आणि पुढची काच रोज पुसा, असंही सांगतो. अल्कोहोलच्याच फडक्यानं.